तीन टिंबं

(लेखांक नववा)

इमेजजे या प्रयोगशाळेतली चित्रं मोजणाऱ्या प्रोग्रॅमवरून आज सेलप्रोफायलर या तशाच दुसऱ्या प्रोग्रॅमकडे वळायचं ठरलं होतं. पण कोल्हापूरच्या एका प्राध्यापिकाबाईंचं पत्र आलं आणि त्यातला प्रश्न आठवडाभर डोक्यातून जाईना. त्या लिहितात, ‘इमेजजेचे मेनू मुलांना दरवर्षी पहिल्यापासून शिकवावे लागतात. नावं अवघड, जागा आडवळणाच्या. एवढ्या वर्षांत कुणी बसून ती नावं सोपी का केली नाहीत?’

बाई, ती नावं फक्त माणसं वाचत नाहीत, मॅक्रोही वाचतात, म्हणजे एकामागून एक चालवायच्या आज्ञांची लिहून ठेवलेली यादी.

मागच्या खेपेला आपण रेकॉर्डर पाहिला, म्हणजे आपण मेनूतून केलेलं काम मॅक्रोच्या ओळीत लिहून घेणारी सोय. तो चालू ठेवून चित्र थोडं धूसर केलं, की त्याच्या खिडकीत ओळ उमटते: रन("गॉशियन ब्लर...", "सिग्मा=२"). हे नाव मेनूतून जसंच्या तसं उचललेलं आहे, शेवटच्या तीन टिंबांसकट. मेनूत ती टिंबं असतात ती ‘आता एक खिडकी उघडेल, तिथे काही भरायचंय’ हे सांगायला. मॅक्रोत मात्र ती नावाचाच भाग होऊन बसतात. आणि ‘सिग्मा’ कुठून आला? त्या खिडकीतल्या रकान्यावर जे लिहिलंय, त्याचा पहिला शब्द! म्हणजे मेनूतलं नाव बदललं तर मॅक्रो अडणार. रकान्यावरचा शब्द बदलला तर तो अडणारसुद्धा नाही. सिग्मा सापडला नाही म्हणून ठरलेला आकडा घेऊन मुकाट पुढे जाणार. हे जास्त वाईट. अडलेला मॅक्रो निदान दिसतो.

पेट्री डिशमधल्या वसाहती मोजायला मी एक मॅक्रो लिहिला होता. एक ओळ हाताने टाइप केली आणि टिंबं राहिली. ‘अनरेकग्नाइज्ड कमांड’ एवढंच उत्तर येत राहिलं आणि अख्खी दुपार त्यात गेली. तो मॅक्रो नंतर पेन ड्राइव्हवरून या मुलाकडून त्या मुलीकडे गेला, आजही चालतो आहे. वापरणाऱ्यांना तो कुणी लिहिला हे ठाऊक नाही, आणि ठाऊक असायची गरजही नाही. त्यांच्या प्रबंधांतले आकडे मात्र त्यातून आले आहेत. वेन रासबँड यांनी अमेरिकेच्या एनआयएच या आरोग्य-संशोधन संस्थेत मॅकिंटॉशसाठी ‘एनआयएच इमेज’ करायला घेतलं १९८७ साली, आणि जावातलं इमेजजे आलं १९९७ मध्ये. तेव्हापासून असे बेवारशी मॅक्रो जगभरच्या प्रयोगशाळांत साठत आले आहेत. जुन्या शोधनिबंधातला आकडा आज पुन्हा काढायचा तर ते चालायलाच हवेत.

मग नावं कधीच बदलली नाहीत का? बदलली, आणि कशी बदलली ते मला फार आवडतं. इमेजजेच्या आत एक छोटं कोष्टक आहे: डाव्या बाजूला जुनं नाव, उजव्या बाजूला नवं. मुंबईत तुम्ही ‘व्हीटी’ म्हणालात तरी टॅक्सीवाला सीएसएमटीलाच नेतो, तसंच हे. जुन्या मॅक्रोनं ‘थ्रेशोल्ड’ म्हटलं, की कोष्टक त्याला ‘मेक बायनरी’कडे पोचवतं, कारण चित्राचं काळं-पांढरं करणाऱ्या आज्ञेचं ते पूर्वीचं नाव होतं. पण ‘थ्रेशोल्ड...’ म्हटलं, तर उंबरठ्याची पातळी खालीवर करायची खिडकी उघडते. दोन वेगळी कामं, आणि त्यांच्यातला फरक तीन टिंबांचा!

हीच सावधगिरी पुढेही दिसते. विस्कॉन्सिन-मॅडिसन विद्यापीठातल्या चमूने इमेजजे-२ साठी आतलं यंत्र नव्यानं बांधलं, तरी समोर उघडतो तो ओळखीचा पट्टाच. बाईंच्या मुलांसाठी सगळ्यात मोठी सोय झाली ती शोधण्याची. फिजी या इमेजजेच्या तयार संचात ‘एल’ दाबा, नावाची चार अक्षरं टाका, आज्ञा समोर येते, आणि मेनूत ती कुठे राहते तेही कळतं. एकही जुनं दार न हलवता नवं दार बसवलं. पहिल्या तासाला मुलांना हे ‘एल’च शिकवावं, मेनू नंतर.

पण बाईंचं म्हणणं एका ठिकाणी मला पूर्ण पटतं. ‘ब्राइटनेस/कॉन्ट्रास्ट’ची खिडकी उघडा. ‘ऑटो’ दाबलं, पट्ट्या सरकवल्या, तरी साध्या करड्या चित्रात बदलतं ते फक्त दिसणं. पिक्सेलचे आकडे तेच राहतात. शेजारीच, त्याच आकाराचं ‘अप्लाय’ आहे. ते आकडेच बदलतं. ८ बिटांचं चित्र घ्या, दाखवायची मर्यादा ५० ते १५० ठेवा आणि ‘अप्लाय’ दाबा. १६०चा पिक्सेल २५५ होतो, २००चाही २५५. एक पेशी दुसरीपेक्षा जास्त चमकत होती, ही माहिती त्या चित्रातून गेली. मुलं हे बटण दाबतात, कारण इतर प्रोग्रॅममध्ये खिडकी बंद करण्याआधी ‘अप्लाय’ दाबायची सवय हाताला असते. त्यात त्यांची काय चूक?

आणि गंमत बघा, या बटणाचं रेकॉर्डरमधलं नाव वेगळं आहे. बटणावर ‘अप्लाय’, मॅक्रोत ‘अप्लाय एलयूटी’. म्हणजे बटणावरचे शब्द बदलून ‘पिक्सेल बदला’ असे केले, तर एकाही मॅक्रोच्या केसाला धक्का लागणार नाही. इथे टिंबांची अडचण नाही, जुन्या निबंधांची नाही. हा बदल व्हावा असं मला मनापासून वाटतं. तोवर बाईंनी प्रयोगशाळेतल्या प्रत्येक पडद्याच्या कडेला एक चिठ्ठी चिकटवावी: मोजणी मूळ फाइलवर, ‘अप्लाय’ फक्त प्रतीवर.

सेलप्रोफायलर पुढच्या आठवड्यात.