संत योआसाफ : पूज्यचित्रावरील थर आणि ‘बोधिसत्त’ हे नाव

ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती परंपरेत लाकडी फळीवर रंगविलेल्या पूज्यचित्रास ‘आयकॉन’ म्हणतात. फळीवर पांढरा लेप, त्यावर अंड्याच्या बलकात कालविलेले रंग व शेवटी उकळलेल्या जवसाच्या तेलाचा हात, अशी त्याची घडण असते. हे तेल काही दशकांत काळवंडते, त्यावर मेणबत्त्यांची काजळी बसते. मग कोणी तेच चित्र वरून पुन्हा रंगवितो. जीर्णोद्धार करणारा हे थर एकेक करून उतरवितो. १९०४ साली रशियात आंद्रेई रुब्ल्योव या संन्यासी चित्रकाराच्या ‘पवित्र त्रैक्य’ या चित्रावरील थर उतरविण्यास आरंभ झाला, तेव्हा खालून उजळ रंग प्रकटले.

अशा पूज्यचित्रांतून कधी कधी एक मुकुटधारी तरुण वृद्ध तपस्व्यासमवेत दिसतो. तो तरुण म्हणजे राज्य सोडून संन्यासी झालेला भारताचा राजपुत्र, संत योआसाफ; वृद्ध हा त्याचा गुरू बारलाम. चित्राप्रमाणे या संताच्या नावावरही थर चढले आहेत. ग्रीक ‘योआसाफ’च्या मागे जॉर्जियन ‘योदासाफ’ आहे, त्याच्या मागे अरबी ‘यूदासफ’ व त्याही मागे ‘बूदासफ’. अरबी लिपीत शब्दारंभीच्या ‘ब’खाली एक ठिपका असतो, ‘य’खाली दोन. एका ठिपक्याने नाव पालटले! ‘बूदासफ’ म्हणजेच बोधिसत्त्व, पालीतील ‘बोधिसत्त’.

युरोपीय विद्वानांनी ही ओळख १८५९-६० मध्ये सिद्ध केली. परंतु सतराव्या शतकाच्या आरंभीच, गोव्यात राहिलेल्या दिओगो दो कोउतो या पोर्तुगीज इतिहासकाराने तिची चाहूल दिली होती. कान्हेरीची लेणी कोणी कोरविली, असे त्याने विचारले असता एका वृद्धाने संत योआसाफाच्या पित्याचे नाव सांगितले. हा संत म्हणजेच बुद्ध असावा, असे कोउतोने लिहून ठेवले.

तथागत ख्रिस्ती संतमालिकेत गेले, याचा आपणांस अभिमान वाटणे स्वाभाविक आहे. तथापि तेथे नेमके काय गेले? गेली ती मुख्यतः रोगी, वृद्ध व मृत यांच्या दर्शनाची कथा. पाली सुत्तांत ही कथा महापदानसुत्तात विपस्सी बोधिसत्ताविषयी येते. अरियपरियेसनसुत्तात गौतम स्वतःचे गृहत्यागाचे वर्णन करतात. तेथे अश्रू ढाळणारे मातापिता आहेत, ही दृश्ये नाहीत. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ (१९५७) या ग्रंथात हीच कथा बुद्धीस न पटणारी म्हणून नाकारली व रोहिणीच्या पाण्यावरून झालेला शाक्य-कोलियांचा कलह पुढे ठेवला.

योआसाफास सत्य गुरूकडून आयते मिळते. बोधिसत्ताने ते स्वतः शोधले. प्रवासात नाव टिकले, कथा टिकली. पटिच्चसमुप्पाद मात्र वाटेतच गळला. ज्याची ती श्रद्धा त्याच्याजवळ राहो. आम्हांस योआसाफाच्या चित्रावरचा रंग खरवडावयाचा नाही. आमच्या स्वतःच्या बुद्धचरित्रावर चढलेले थर मात्र आम्हांसच उतरवावे लागतील.