विश्लेषण : मिरचीचा हंगाम आणि बारावीचे वर्ष

नंदुरबार तालुक्यातील कोरीटसारख्या गावात शिकता शिकता काम करणे यात नवल नाही. घरचे शेत, दुसऱ्याच्या शेतातली तोडणी, नाहीतर नंदुरबारजवळच्या मिरचीच्या पथाऱ्या. मग अभ्यास बुडतो तो नेमका कशामुळे?

कामामुळे की कामाच्या वेळेमुळे?

सकाळी कॉलेज करून दुपारी दोन-तीन तास काम करणाऱ्याचे सहसा फार बिघडत नाही. वह्या-पुस्तकांचा, एसटीच्या पासाचा खर्च सुटतो. खरी अडचण हंगामाची आहे. ओल्या लाल मिरचीची आवक दिवाळीच्या आसपास वाढते आणि थंडीभर चालते. तोडणी, वाळवण, देठ खुडणे ही सगळी कामे दिवसाउजेडी होतात, म्हणजे वर्ग भरण्याच्याच वेळी. बारावीचे दुसरे सत्र, प्रात्यक्षिके आणि सराव परीक्षाही याच महिन्यांत. २०२५ मध्ये बारावीची लेखी परीक्षा ११ फेब्रुवारीलाच सुरू झाली. त्यात ७५ टक्के हजेरीची अट. ज्या घराला आजची मजुरी आजच लागते, तिथे ही अट पाळणे सोपे नसते.

कायदा काय सांगतो?

२०१६ च्या दुरुस्तीनुसार १४ वर्षांखालील मुलांना कामावर ठेवता येत नाही. शाळा सुटल्यावर किंवा सुटीत घरच्या कामाला हातभार लावण्याची तेवढी मुभा आहे. १४ ते १८ वयोगटाला धोकादायक कामांची बंदी आहे. अकरावी-बारावीचा विद्यार्थी मिरची तोडायला गेला तर कायदा त्याला अडवत नाही. त्याची वर्गाची वेळही राखून देत नाही.

‘कमवा व शिका’चे काय?

कर्मवीर भाऊराव पाटील यांनी रुजवलेल्या या योजनेत कामाची वेळ महाविद्यालयच ठरवते. ग्रंथालय, बाग, कार्यालय अशी कामे तासिका सांभाळून होतात. पण महाविद्यालयात काम असेल तेवढ्यांनाच ते मिळणार आणि त्या मानधनावर घर चालत नाही.

वर्गात जाणे जमणारच नसेल तर?

दहावी-बारावीला खासगीरीत्या बसण्यासाठी १७ नंबरचा फॉर्म आहे. बारावीनंतर नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचा पर्याय आहे. मात्र १७ नंबरच्या अर्जाची मुदत परीक्षेच्या कित्येक महिने आधी संपते. डिसेंबरात हजेरी कमी पडल्यावर ही वाट शोधणाऱ्याला त्या वर्षी ती मिळत नाही. मिरचीची लागण होते तेव्हाच कॉलेजात जाऊन चौकशी केलेली बरी.