अश्वत्थाम्याच्या माथ्यावर, जानेवारीत

नशिराबादेत थंडी पडली की दोन गोष्टींच्या गप्पा रंगतात. एक भरिताच्या आणि दुसरी केळीवरच्या चरक्याच्या, म्हणजे थंडीच्या फटक्याच्या. भादली-आसोद्याची वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजली जात असतात आणि तापीकाठचा केळीवाला सकाळी उठून आधी पानं तपासत असतो. अशातच रात्रभर वारा वाहून धूळ खाली बसली की महामार्गाची धांदल आणि सिमेंट कारखान्याची चिमणी ओलांडून नजर उत्तरेला जाते. तिकडे तापीपलीकडे सातपुड्याची निळी रेघ दिसते. उन्हाळ्यात धुरकटात ती हरवलेली असते. पावसाळ्यात ढगांत असते. आपल्याकडे डोंगर दिसायचा तो डिसेंबर-जानेवारीतच.

या डोंगराशी आपल्या गावाचं नातं फार प्रेमाचं होतं असं नाही. १८०१ साली सातपुड्यातल्या एका लुटारूने नशिराबाद लुटल्याची नोंद इंग्रजी काळातल्या गॅझेटियरमध्ये आहे. पाठोपाठ १८०३ चा मोठा दुष्काळ आला, आणि मग पेंढारी. पुढे १८२५ मध्ये जेम्स औट्रमने भिल्लांची पलटण उभी केली. तिचं ठाणं आपल्या शेजारच्या धरणगावला होतं. मैदानातल्या माणसाने डोंगराकडे भीतीने पाहायचं आणि डोंगरातल्याने मैदानाकडे संशयाने, असं बराच काळ चाललं. आजही नशिराबाद-भुसावळकडचा माणूस सातपुड्यात जातो तो मनुदेवीच्या दर्शनाला किंवा पालला. पश्चिमेकडचा सातपुडा त्याला फारसा ठाऊक नसतो.

खान्देशातलं सगळ्यात उंच शिखर मात्र त्याच पश्चिमेच्या टोकाला आहे. नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्राणी, म्हणजे धडगाव तालुक्यातलं अस्तंभा, उंची १३२५ मीटर. १९९८ मध्ये नंदुरबार वेगळा होईपर्यंत हे शिखर धुळे जिल्ह्यात मोडायचं. त्याआधी, १९०६ च्या वाटणीनंतर, पश्चिम खान्देशात. नशिराबादची समुद्रसपाटीपासूनची उंची दोनशे मीटरच्या आसपास, म्हणजे आपल्या अंगणापेक्षा हा माथा हजार-अकराशे मीटर वर. कळसूबाई १६४६ मीटर, तिच्याशी त्याची बरोबरी नाही. पण कळसूबाईला शनिवार-रविवारी रांग लागते. इथे दिवाळीचे दिवस सोडले तर माणूस क्वचितच दिसतो.

दिवाळीचे दिवस मात्र वेगळे. धनत्रयोदशीच्या सुमाराला तळोद्याहून यात्रा निघते. कोठार, देवनदी ओलांडून खांद्यावर ध्वज घेतलेले हजारो लोक रात्रीच्या अंधारात हा डोंगर चढतात. गुजरात आणि मध्य प्रदेशातूनही येतात. सगळ्यांच्या तोंडी अश्वत्थामा ऋषींचा जयजयकार असतो. महाभारत युद्धाच्या शेवटी द्रौपदीच्या झोपलेल्या मुलांना मारणारा, कपाळावरचा मणी काढून घेतला गेलेला, भळभळती जखम घेऊन फिरण्याचा शाप मिळालेला हा द्रोणपुत्र इथल्या लोकांनी ऋषी केला आहे. जखमेला लावायला तो वाटसरूंकडे तेल मागतो आणि रानात वाट चुकलेल्याला रस्ता दाखवतो, असं इथे पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. इतक्या शापित माणसावर वाटाड्याचं काम सोपवणं ही मला सातपुड्याची खास माणुसकी वाटते. गंमत म्हणजे आपल्या पूर्वेला, बऱ्हाणपूरच्या पुढे असीरगडावरच्या महादेवाला पहाटे कुणी न बघता फूल वाहून जातो, तोही अश्वत्थामाच. सातपुड्याच्या या पट्ट्याची दोन्ही टोकं एकाच चिरंजीवाकडे आहेत.

यात्रेची गर्दी मला आवडते, पण त्या गर्दीत डोंगर दिसत नाही. पुढच्याच्या टाचा दिसतात. डोंगर पाहायचा तर जानेवारीत जावं.

नशिराबादहून जायचं तर जळगाव, विदगावचा तापीवरचा पूल, चोपडा, शिरपूर, शहादा, तळोदा असा रस्ता. अंतर दोनशे किलोमीटरच्या आसपास. हा बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्ता, आणि त्याचं सुख म्हणजे सातपुडा सगळी वाट उजव्या हाताला राहतो. शहाद्याजवळ उसाच्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टर लागतात, तिथे घाई करण्यात अर्थ नाही. एका दिवसात घरून निघून चढून परत येण्याचा हट्ट धरू नये. रात्री शहाद्याला किंवा तळोद्याला मुक्काम करावा आणि चढाईसाठी दुसरा अख्खा दिवस हाताशी ठेवावा. तळोदा-धडगाव रस्त्यावरचा चांदसैली घाट दरडींसाठी आणि अपघातांसाठी बदनाम आहे. धुक्यात आणि अंधारात तो टाळलेला बरा.

घाट चढून वर आलं की मैदानाची घरं संपतात. पाड्यावर घरं एकमेकांना चिकटून नसतात. ज्याचं त्याचं घर ज्याच्या त्याच्या शेतात, दोन घरांत हाकेचं अंतर. बांबूच्या कुडाच्या भिंती शेणामातीने लिंपलेल्या, वर कौलं, अंगणात मक्याची कणसं टांगलेली. भिल्ल आणि पावरा लोकांचा हा मुलूख. पायथ्याच्या पाड्यावरचा एखादा माहीतगार सोबत घ्यावा आणि त्याचे पैसे आधीच ठरवावेत. यात्रेची वाट मळलेली आहे हे खरं, पण पावसाळ्यानंतर वाढलेलं गवत जानेवारीत पिवळं पडून आडवं झालेलं असतं आणि गुरांच्या वाटा दर शंभर पावलांवर फसवतात. अश्वत्थामा भेटेलच असं नाही.

या दिवसांत सकाळी निघताना गवताकडे नीट बघावं. सातपुड्यात बर्फ कुठून येईन भो, असं आपल्याकडे कुणीही हसून विचारील. बर्फ पडत नाहीच. पण त्याच रांगेत, अक्कलकुवा तालुक्यातल्या डाब, वालंबा परिसरात, कडाक्याच्या थंडीत दवबिंदू गोठल्याच्या बातम्या अधूनमधून येतात. चाऱ्याच्या गंजीवर, गाडीच्या टपावर, गवताच्या पात्यांवर पांढरा थर बसतो. बोटाने खरवडला तर नखात मिठासारखे कण येतात आणि बघता बघता विरघळतात. ऊन आलं की खेळ संपतो.

हे दव माथ्यावर गोठत असेल असा आपला समज असतो, कारण उंच तितकं थंड, असं शाळेत शिकलोय. दिवसा ते खरंच असतं. साधारण दर किलोमीटरला साडेसहा अंश या हिशेबाने नशिराबादपेक्षा अस्तंभ्यावर दुपारी सहा-सात अंश कमी. पण आभाळ निरभ्र आणि वारा पडलेला असेल तर रात्री हिशेब उलटतो. जमीन आपली उष्णता आकाशात सोडून देते, तिला टेकलेली हवा थंड होऊन जड होते आणि उतारावरून हळूहळू घरंगळत खोलगट जागी जाऊन साचते. माथ्यावरचा माणूस शाल घेऊन बसलेला असतो, तेव्हा खालच्या वाडग्यासारख्या दरीत गारठा तळाला बसलेला असतो. त्यातही गवताचं पातं हवेपेक्षा लवकर गार होतं, म्हणून तापमापकाचा पारा शून्याच्या दोन-तीन अंश वर असतानाही पात्यावर दव गोठू शकतं. थोडक्यात, सातपुड्यातली पांढरी सकाळ पाहायची तर शिखर चढून उपयोग नाही. खोलगट पठारावर उजाडण्याआधी उठावं लागतं. चढ त्यानंतर.

चढ सुरुवातीला सोपा आहे. सागाची पानं खरखरीत, जाळी पडलेली, पायाखाली कुरकुरतात. मधूनमधून अंजन, मोह, सालई आणि बांबूची बेटं. आठ-साडेआठला पाय चालते झाले की तासाभरात स्वेटर कमरेला बांधावा लागतो. मग ऊन लागायला लागतं, खान्देशचं ऊन, जानेवारीतही अंगाशी येणारं. पाणी इथे खरी अडचण. पावसाळ्यानंतरचे झरे या दिवसांत बारीक होत जातात, तेव्हा माणशी तीन लिटर पाठीवर असावं. डब्यात कळण्याची भाकरी आणि ठेचा असला की दुपारची काळजी मिटते. भरीत नेऊ नये. चढावर जड होतं, आणि मग कुणालाच उठावंसं वाटत नाही.

शेवटचा टप्पा मात्र दमवतो. रान मागे पडतं, कातळ सुरू होतो आणि शिखर एकदम सुळक्यासारखं डोक्यावर उभं राहतं. इथे हातांचीही मदत घ्यावी लागते. दिवाळीत रात्री हाच टप्पा बायाबापड्या, म्हातारी माणसं विजेरीच्या उजेडात चढतात, हे आठवलं की आपल्या महागड्या बुटांची जरा लाज वाटते.

माथ्यावर जागा थोडी. अश्वत्थाम्याचं स्थान, यात्रेत वाहिलेले ध्वज, आणि वारा. दक्षिणेला तापीचं खोरं सपाट पसरलेलं, उसाचे हिरवे तुकडे सोडले तर बाकी करडं. उत्तरेला एकामागून एक उतरत जाणाऱ्या रांगा थेट नर्मदेकडे. त्या रांगांच्या तळाशी सरदार सरोवराच्या पाण्याने अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली ३३ गावं बाधित झाली. मणिबेली त्यातलं पहिलं. एका शिखरावर उभं राहून दोन्ही बाजूंच्या पश्चिमवाहिनी नद्यांचा विचार करता येतो अशी जागा महाराष्ट्रात दुसरी कुठली, मला तरी सुचत नाही. नर्मदा आणि तापी, दोघी खचदऱ्यांतून वाहतात आणि त्यांच्यामध्ये सातपुडा उंच उरलेला आहे, हे भूगोलाच्या पुस्तकातलं वाक्य इथे डोळ्यांना दिसतं.

आमच्याकडची पोरं आता डिसेंबरात उत्तराखंडला जाऊन केदारकंठ्याच्या बर्फात उभं राहून फोटो काढून येतात. चांगलंच आहे, जावं. पण तिथे तंबू, स्वयंपाकी, वाटाडे सगळं विकत मिळतं. खान्देशच्या माथ्यावर चहाची टपरीसुद्धा नाही. ती नसावी असं मला वाटतं. यात्रेनंतर उरणारा प्लॅस्टिकचा पसारा बघितला तर टपरीने काय होईल याचा अंदाज येतो.

माथ्यावर दोनच्या पुढे थांबू नये. जानेवारीत सहाला सूर्य बुडतो आणि दऱ्यांत त्याआधीच अंधारतं. डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत हे दिवस बरे. त्यानंतर गवत वाळून पेट घेतं, पाणी आटतं आणि पाड्यांवर होळीची तयारी सुरू होते. काठी गावची राजवाडी होळी पाहायला मग पुन्हा याच रस्त्याने यावं, पण शिखराचा नाद तेव्हा सोडावा.