गरुडांचा हिवाळा आणि 'पडीक' माळ

डिसेंबर २०२४ मध्ये यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वरच्या अरण्यातून निघालेला एक वाघ ४०० किलोमीटरांहून अधिक वाटचाल करून येडशीच्या रामलिंग घाट अभयारण्यात येऊन दाखल झाला. सारा धाराशिव जिल्हा एकाच वेळी धास्तावला आणि हरखलाही. स्वयंचलित कॅमेरे लागले, ताडोब्याहून पथक आले, वर्तमानपत्रांचे रकाने भरून गेले. एवढ्या लांबून आलेल्या पाहुण्याची दखल घेतली गेली, हे योग्यच झाले. परंतु त्याहून कितीतरी पटींनी लांबचा प्रवास करून दरवर्षी याच जिल्ह्यात हिवाळा काढणाऱ्या दुसऱ्या पाहुण्यांची एका ओळीची बातमीही कधी होत नाही. मध्य आशियातील कझाकस्तानचे आणि रशियाचे गवताळ प्रदेश बर्फाखाली जाऊ लागले की तेथील शिकारी पक्षी दक्षिणेची वाट धरतात आणि दिवाळीच्या आगेमागे दख्खनच्या माळावर उतरू लागतात.

या पाहुण्यांत सर्वांत सहज दिसणारे म्हणजे भोवत्या. मॉन्टेग्यूचा भोवत्या आणि पांढुरका भोवत्या हे दोन्ही पक्षी गवतावरून अगदी खालून, पंख किंचित वर उचलून, जणू हरवलेली वस्तू शोधत असल्यासारखे सावकाश तरंगत जातात. नर राखाडी, मादी तपकिरी. टोळ, नाकतोडे, सरडे, उंदीर, जमिनीवरचे लहान पक्षी हे त्यांचे अन्न. यांच्या जोडीला एखाद्या हिवाळ्यात मोठ्या अंगाचा, गडद तपकिरी स्टेपी गरुडही दर्शन देतो. सापमार गरुड, मोरघार, पिंगट गरुड हे तर आपल्याच मुलखाचे रहिवासी. पण पाने झडलेल्या झाडांमुळे आणि निरभ्र आकाशामुळे तेही याच दिवसांत नीट दिसतात. त्यांना पाहण्यासाठी फार साधने लागत नाहीत. सकाळी नऊ-दहाच्या सुमारास खडक तापून हवा वर चढू लागली की हे जड पक्षी तिच्या आधाराने पंख न हलवता घिरट्या घेत उंच जातात. भोवत्यांसाठी मात्र सूर्यास्ताची वेळ साधावी. त्या वेळी ते एकेक करून उंच गवतात जमिनीवरच मुक्कामाला उतरतात.

'जमिनीवरच' या शब्दातच या प्रश्नाचे मर्म आहे. येडशीचे अभयारण्य १९९७ साली घोषित झाले. त्याचे क्षेत्र सुमारे २२ चौरस किलोमीटर. ते हवेच. पण माळावरच्या शिकारी पक्ष्यांचे खरे घर अभयारण्याच्या कुंपणाबाहेर, बालाघाटच्या माथ्यावरील कुसळी, पवन्या आणि मारवेल यांच्या गवतात आहे. आणि या घराला आपल्या दप्तरात कोणते नाव आहे? सात-बाराच्या उताऱ्यावर तो पोटखराबा असतो, गावाच्या बोलण्यात पडीक आणि राष्ट्रीय नकाशासंग्रहात ओसाड जमीन. ज्या जमिनीवर धनगरांची मेंढरे चरतात, जिच्यात पावसाचे पाणी मुरते, जिच्यावर हजारो कोस दूरचे पक्षी पोट भरतात, ती जमीन काहीच करीत नाही, असे आपण कागदोपत्री ठरवून टाकले आहे. एकदा जमीन निरुपयोगी ठरली की तिच्यावर काहीही करण्यास मोकळीक मिळते.

मग तिचे काय होते? पहिला आघात सद्हेतूने होतो, तो वृक्षारोपणाचा. २०१९ च्या पावसाळ्यात राज्याने ३३ कोटी झाडे लावण्याचा संकल्प सोडला. झाड लावणे पुण्याचे, हे आपल्याला शाळेपासून शिकविले गेले आहे. परंतु गवताळ माळावर खड्डे खणून गिरिपुष्पाच्या रांगा उभ्या केल्या, तर गवत मरते आणि गवताबरोबर टोळ, चंडोल आणि भोवत्याही जातात. शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातील नान्नजचा धडा आपल्यापुढे आहे. मालढोकासाठी १९७९ साली तेथे अभयारण्य झाले. आज तेथे एखादा मालढोक दिसला तर त्याची बातमी होते. केवळ अभयारण्य घोषित केल्याने भोवतालचा माळ टिकत नाही, हाच त्याचा अर्थ.

दुसरा आघात नवा आहे. गेल्या काही वर्षांत भूम, वाशी, कळंब या तालुक्यांच्या माथ्यांवर पवनचक्क्या उभ्या राहू लागल्या आहेत. कोळसा न जाळता मिळणारी वीज देशाला हवी आहे, यात शंका नाही. दुष्काळाने पिचलेल्या कोरडवाहू शेतकऱ्याला जमिनीचे भाडे मिळत असेल तर त्याला गरुडाचे कौतुक ऐकविण्याचा अधिकार कोणालाही नाही. तथापि, वारा जेथे उसळतो तेथेच चक्की उभारली जाते आणि गरुडही तेथेच घिरट्या घेतो. साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावर बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या संशोधकांनी केलेला अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. पवनचक्क्या नसलेल्या भागात शिकारी पक्षी जवळजवळ चौपट आढळले आणि चक्क्यांच्या भागात, शिकारी उरले नाहीत म्हणून, सरडे वाढले. एक पक्षी उडून गेला की माळाचा सारा जमाखर्च असा बदलतो.

या दुखण्यावर उपाय नाही असे नाही. नॉर्वेतील स्मोला बेटावर चक्कीच्या तीन पात्यांपैकी एक काळे रंगविल्यावर पक्ष्यांचे मृत्यू सुमारे ७० टक्क्यांनी घटल्याचे २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. तो प्रयोग मोजक्याच चक्क्यांवर झाला होता, हे खरे. पण विचार केला तर मार्ग निघतो, एवढे त्यातून कळते. आपल्याकडे अडचण विचाराच्या आधीच सुरू होते. पर्यावरणीय मंजुरीसंबंधीच्या २००६ च्या अधिसूचनेत ज्या प्रकल्पांना पूर्वपरवानगी लागते, त्यांच्या यादीत पवनप्रकल्प नाहीत. सबब, चक्की उभी राहण्यापूर्वी तेथे कोणते पक्षी होते, हे विचारण्याचे बंधन कोणावरही नाही.

तिसरा आघात न दिसणाऱ्या विषाचा. गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामक औषधामुळे गिधाडे मरतात, हे २००४ साली सिद्ध झाले आणि २००६ साली त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. पुढे राजस्थानात मेलेल्या स्टेपी गरुडांच्या शरीरातही हेच औषध सापडले, कारण हा गरुडही मेलेल्या जनावरांवर उतरतो. आज जगातील संकटग्रस्त पक्ष्यांत त्याची गणना होते. शेतातल्या विषाचा दाखला अर्जेंटिनाचा आहे. १९९५-९६ च्या हंगामात टोळांवर मोनोक्रोटोफॉस फवारले गेले आणि ते टोळ खाणारे, उत्तर अमेरिकेतून हिवाळ्यासाठी आलेले हजारो स्वेन्सनचे बाज शेतातच मरून पडले. त्यांच्या पाठीवर बसविलेल्या यंत्रांमुळे माग लागला म्हणून ते जगाला कळले. आपल्या तुरीच्या, हरभऱ्याच्या रानात असे काही घडले, तर ते कोणाला कळेल?

येथेच या पानाच्या वाचकांचा, विशेषतः शिक्षकांचा आणि विद्यार्थ्यांचा संबंध येतो. जे मोजले नाही ते हरवले तरी समजत नाही. धाराशिव निजामाच्या राज्यात असताना, १९३१-३२ मध्ये, सलीम अलींनी त्या संस्थानाचे पक्षिसर्वेक्षण केले. एका माणसाने बैलगाडीच्या काळात जे केले, ते जिल्ह्यातील शेकडो शाळांना मोबाइलच्या काळात अशक्य का असावे? सोलापूरला जन्मलेले आणि २०२५ साली निवर्तलेले मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिन ५ नोव्हेंबर, सलीम अलींचा १२ नोव्हेंबर. या दोन तारखांमधील आठवडा राज्यात पक्षिसप्ताह म्हणून पाळला जातो. या सप्ताहात भाषणे आणि चित्रकला स्पर्धा होतात. त्याऐवजी प्रत्येक शाळेने आपल्या गावचा एक माळ ठरवून घ्यावा आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी, महिन्यातून एकदा, त्याच जागी, त्याच वेळी तासभर उभे राहून शिकारी पक्षी मोजावेत. नाव ओळखता आले नाही तर 'मोठा तपकिरी' एवढे लिहावे. पण खोटे नाव लिहू नये. भोवत्यांच्या मुक्कामाच्या गवतात पाय ठेवू नये, छायाचित्रासाठी गाडी माळात घालू नये. मेंढपाळाला विचारावे, त्याला पुष्कळ माहीत असते.

या नोंदींना कायद्यात जागाही आहे. जैवविविधता कायदा २००२ सालचा. त्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असावी लागते. हरित न्यायाधिकरणाने मुदत घातल्यावर २०२० च्या सुमारास अनेक ठिकाणी या वह्या घाईने भरल्या गेल्या आणि कपाटात गेल्या. त्या बाहेर काढाव्यात, शाळेची नोंद त्यांत उतरवावी, ग्रामसेवकाची सही घ्यावी. उद्या गायरानावर रोपवाटिका किंवा चक्की यावयाची असेल, तेव्हा जिल्हा प्रशासनाने ती वही मागवावी आणि एक पूर्ण हिवाळा मोजणी झाल्यावाचून परवानगी देऊ नये. चक्की दोन-चार टेकड्या पलीकडे सरकली तर वीज अडत नाही. घर मोडलेला गरुड मात्र परत येत नाही.

वाघ वाट चुकून आला असेल. गरुड वाट चुकत नाहीत. ते येथे येतात, कारण त्यांच्या लेखी हा माळ भरलेला आहे. त्यांनी केलेली ही नोंद खरी मानायची की आपल्या उताऱ्यावरची, हे यंदाच्या हिवाळ्यात आपल्याला ठरवावयाचे आहे.