बाजारातलं मांस आणि नाताळचं झाड

डिसेंबर लागला की एक जुनी तक्रार पुन्हा फिरू लागते: नाताळ मुळात ख्रिस्ती नाहीच, रोमन लोकांचा सूर्यदेवाचा सण चर्चनं उचलला. नास्तिकांइतक्याच हिरिरीनं ही तक्रार काही श्रद्धाळू ख्रिस्तीही करतात. त्यांच्यासाठी प्रश्न इतिहासाचा नसतो. मूर्तिपूजकांची प्रथा पाळली तर देवाशी बेइमानी होते का, ही त्यांची टोचणी असते.

आधी पुरावा पाहू. इ. स. 354 च्या एका रोमन पंचांगवजा संग्रहात 25 डिसेंबर दोनदा येतो. एका यादीत ‘अजिंक्या’चा, म्हणजे बहुधा सूर्यदेवाचा, जन्मदिन आणि त्यानिमित्त रथांच्या 30 शर्यती, दुसऱ्या यादीत बेथलेहेमातला ख्रिस्तजन्म. दोन्ही एकाच बाडात! ऑरेलियन बादशहानं सूर्याचं मंदिर 274 मध्ये उभारलं, पण तेव्हापासूनच हा दिवस सूर्याचा होता असं ठामपणे सांगणारा आधार नाही. काही अभ्यासक वेगळाच हिशेब मांडतात: मरियेची गर्भधारणा 25 मार्चला धरली, की नऊ महिन्यांनी 25 डिसेंबर येतो. कुणी कुणाचं घेतलं, हा वाद अजून चालूच आहे. सजवलेल्या झाडाचे दाखले तर फारच अलीकडचे. स्ट्रासबर्गच्या 1605 च्या एका वर्णनात घरातल्या झाडांवर कागदी गुलाब आणि सफरचंदं लटकलेली दिसतात.

मॅसॅच्युसेट्सच्या प्युरिटनांना, म्हणजे कडव्या प्रोटेस्टंटांना, असली चिकित्सा नको होती. बायबलमध्ये आज्ञा नाही, म्हणजे सण नाही. 1659 मध्ये त्यांनी नाताळ पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंड लावला. तो कायदा 1681 मध्ये रद्द झाला. वार आणि महिन्यांची नावंही मूर्तिपूजकांचीच. त्या बाबतीत क्वेकर पंथाचे लोकही काटेकोर: त्यांनी ती नावंही टाकली आणि ‘पहिला दिवस’, ‘तिसरा महिना’ असं मोजायला सुरुवात केली.

उलट टोकाला पोप पहिला ग्रेगरी. 601 मध्ये इंग्लंडच्या मोहिमेबद्दल आधी त्यानं केंटच्या राजाला देवळं पाडायला लिहिलं. मग थोड्याच दिवसांत तिकडे निघालेल्या मेलिटस या धर्मप्रचारकाला कळवलं की देवळं राहू द्या, मूर्ती तेवढ्या फोडा, आत पवित्र जल शिंपडा; आणि लोक बैल कापत असतील तर कापोत, फक्त देवाचे आभार मानून खावोत. मला हा पोप बेरकी वाटतो, आणि शहाणाही.

पण या सगळ्यांच्या आधी करिंथच्या ख्रिस्ती लोकांमुळे प्रेषित पौलासमोर हाच पेच आला होता. देवळात बळी दिलेल्या जनावराचं मांस बाजारात विकायला येई. ते खावं का? पौलाचा सल्ला असा: बाजारात मिळेल ते चौकशी न करता खा. मात्र जेवताना कुणी म्हणालं की हे नैवेद्याचं आहे, तर खाऊ नका. तुमच्या नव्हे, त्याच्या सदसद्विवेकासाठी. मांस कुठून आलं याहून पंगतीला शेजारी कोण बसलाय, हे त्याला महत्त्वाचं वाटलं.

ही मुभा हुकुमानं काढून घेतली की काय होतं, ते गोव्यानं पाहिलं. तिथल्या पोर्तुगीज धर्मन्यायालयाच्या, म्हणजे इन्क्विझिशनच्या, 1736 च्या फर्मानानं धर्मांतरितांना अंगणात तुळस लावायला, एकादशी करायला, पुरुषांना धोतर नेसायला आणि लग्नात पानसुपारी-फुलं पाठवायला मनाई केली. माणसाच्या मनात काय आहे, हे फर्मानानं विचारलं नाही. स्वयंपाकघरापर्यंत मात्र ते पोचलं: मीठ न घालता भात शिजवणंही गुन्हा ठरला. तरी सगळं पुसलं गेलं नाही. लग्नाआधी वधूवरांना नारळाच्या रसानं न्हाऊ घालणारा ‘रोस’ आजही आहे. हळदीच्या शेजारी ठेवला तर परका वाटणार नाही. गोव्यातल्या राय गावात 5 ऑगस्टला भाताची पहिली कणसं चर्चमध्ये आशीर्वादाला येतात, आणि कोकणात नवं बांधणाऱ्या माणसाला त्यात नवल वाटू नये.

फर्मानानंतर 233 वर्षांनी, 1969 मध्ये, रोमनं भारतातल्या मिस्सेसाठी बारा गोष्टींना मान्यता दिली. त्यात जोडे काढणं, हात जोडून नमस्कार आणि आरतीही होती. विरोध कॅथलिकांमधूनच उठला: हे तर हिंदूंचं आहे! काही हिंदू लेखकांनाही हा बदल धर्मांतराची चाल वाटला. पौलाच्या सल्ल्याचा दुसरा भाग इथं लागू होतो: पंगतीतल्या कुणी बोट दाखवलं होतं. रोमची परवानगी असूनही अनेक धर्मग्रामांत आरतीचं तबक नेहमीच्या मिस्सेत येत नाही. ते खास प्रसंगांपुरतं राहतं.