‘नाही’ म्हणणाऱ्याचं पुढे काय होतं?

एखाद्या नावाजलेल्या पाळकाबद्दल तक्रार आली की मंडळीतून पहिलं वाक्य ऐकू येतं, “पण त्यांच्या उपदेशानं किती लोक प्रभूकडे वळले!” ते बहुधा खरंही असतं. फक्त ते तक्रारीचं उत्तर नसतं. चर्चमधल्या पुढाऱ्यांच्या बिघडलेल्या स्वभावाविषयी असे बरेच समज आपण वर्षानुवर्षं बाळगून आहोत. ते तपासायला अमेरिकेतल्या सिअ‍ॅटल शहरातलं मार्स हिल चर्च बरं, कारण तिथला बराचसा कारभार नंतर उघड झाला.

“मंडळी वाढतेय, म्हणजे देवाचा हात आहे.”

मार्क ड्रिस्कॉल यांनी सहकाऱ्यांसोबत १९९६मध्ये हे चर्च सुरू केलं. २०१४पर्यंत पाच राज्यांत पंधरा शाखा झाल्या आणि दर रविवारी बारा हजारांच्या आसपास माणसं येऊ लागली. याच भरभराटीच्या काळात, २००७मध्ये, चर्चची घटना बदलून वडिलांच्या (एल्डर्सच्या) हातातले अधिकार मूठभरांकडे नेण्याचा घाट घातला गेला. दोन वडिलांनी हरकत घेतली आणि दोघांनाही कामावरून काढण्यात आलं. त्याच सुमारास ड्रिस्कॉल सहकाऱ्यांपुढे जे बोलले त्याचं ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे. मार्स हिलच्या बसमागे प्रेतांचा ढीग पडलाय, देवाच्या कृपेनं त्याचा डोंगर होईल. बसमध्ये चढा, नाहीतर बसखाली या, असा त्या बोलण्याचा आशय होता. तेव्हा बाहेर रांगा लागत होत्या. गर्दीवरून वक्तृत्व कळतं, व्यवस्था कळते. स्वभाव कळत नाही.

“पैसा खाल्ला नाही, बाई नाही, मग बिघडलं कुठे? जरा तापट आहेत, एवढंच.”

हा समज सगळ्यांत चिवट. २०१४च्या ऑगस्टमध्ये एकवीस माजी पाळकांनी ड्रिस्कॉल यांच्याविरुद्ध लेखी आरोप दाखल केले. ते कुठल्या लफड्याबद्दल नव्हते. चर्चच्या चौकशीतही अनैतिकता, बेकायदा कृत्य किंवा पाखंड असं काही पुढे आलं नाही. उद्धटपणा, शीघ्रकोप, कठोर बोलणं आणि सहकाऱ्यांवर गाजवलेली हुकूमत हे मात्र दोष ठरले. ऑक्टोबरमध्ये ड्रिस्कॉल यांनी राजीनामा दिला आणि वर्ष संपता संपता सगळं मार्स हिल विसर्जित झालं. एवढा डोलारा नुसत्या ‘तापटपणा’नं कोसळला. तसं पाहिलं तर पौलानं तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात अध्यक्षाच्या पात्रतेत सौम्यपणा आणि भांडखोर नसणं हे द्रव्यलोभी नसण्याच्या बरोबरीनं येतं. आपण मात्र हिशेबाच्या वह्या तेवढ्या तपासतो.

“असा माणूस लगेच ओळखू येतो.”

आरडाओरडा करणारा येतो. ज्याँ व्हॅनिए यांना कोणी ओळखलं? मंद आवाज, साधे कपडे, मतिमंद माणसांसोबत एकाच घरात राहणं. १९६४मध्ये फ्रान्समध्ये त्यांनी सुरू केलेल्या ‘लार्श’ या संस्थेच्या शाखा ‘आशा निकेतन’ या नावानं भारतातही आहेत. २०१९मध्ये ते वारले तेव्हा लोक त्यांना संत मानत होते. पुढच्याच वर्षी ‘लार्श’नंच नेमलेल्या चौकशीत त्यांनी सहा स्त्रियांचं लैंगिक शोषण केल्याची हकीकत बाहेर आली, २०२३च्या सविस्तर अहवालात हा आकडा किमान पंचवीस झाला. आध्यात्मिक मार्गदर्शनाच्या नावाखाली हे शोषण चालत असे. तेव्हा नम्रतेचं दर्शन हेसुद्धा प्रमाणपत्र धरू नये.

“बोर्ड आहे ना लक्ष ठेवायला.”

बोर्डावर बसवतं कोण, ते आधी पाहा. रवी झकरायस मूळचे चेन्नईचे. ख्रिस्ती विश्वासाचं समर्थन करणारे वक्ते म्हणून जगभर गाजलेले. २०१७मध्ये त्यांच्यावर जाहीर आरोप झाले तेव्हा त्यांच्या संस्थेच्या बोर्डानं त्यांचीच बाजू घेतली. २०२०मध्ये त्यांचं निधन झालं आणि फेब्रुवारी २०२१च्या चौकशी अहवालानं लैंगिक गैरवर्तनाचे आरोप खरे ठरवले. मग बोर्डानं जाहीर माफी मागितली. दरम्यान संस्थेत ज्यांनी प्रश्न विचारले होते, त्यांना बाजूला सारलं गेलं होतं.

“अभिषिक्ताला हात लावू नये.”

हे आपल्याकडच्या मंडळ्यांतही हमखास ऐकवलं जातं, विशेषतः पास्टरेट कमिटीत कुणी हिशेब मागितला की. एकशे पाचव्या स्तोत्रातला तो संदर्भ परक्या भूमीत भटकणाऱ्या कुलपित्यांचा आहे. राजांनी त्यांना इजा करू नये, एवढाच त्याचा रोख. पाळकाला प्रश्न विचारण्याशी त्याचा संबंध नाही. अभिषिक्त राजा दावीदाला नाथानानं त्याचं पाप तोंडावर सांगितलं आणि अंत्युखियात पौलानं पेत्राला समोरासमोर अडवलं. तीमथ्याच्या त्याच पत्रात वडिलांवरचा आरोप दोन-तीन साक्षीदार असतील तर ऐकून घ्यायला सांगितलं आहे. हे वचन कमिटीत फारसं कुणी वाचून दाखवत नाही.

हल्ली याच्या उलट टोकाचीही एक सवय लागली आहे. पाळक आवडला नाही की, “तो नार्सिसिस्ट आहे.” स्वतःवर खूश असणं वेगळं आणि व्यक्तिमत्त्वाचा विकार वेगळा, अमेरिकी मानसोपचाराच्या नियमावलीत या विकाराच्या नऊ लक्षणांपैकी किमान पाच असावी लागतात, आणि निदान तज्ज्ञानं प्रत्यक्ष तपासून करायचं असतं. बाकावर बसून ते होत नाही. त्याची गरजही नाही. तक्रारीत निदान लिहू नका. कोण, कधी, कुणासमोर, काय बोललं ते लिहा.

राहिला क्षमेचा प्रश्न. क्षमा आणि व्यासपीठ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ड्रिस्कॉल यांनी २०१६मध्ये ॲरिझोना राज्यात नवं चर्च सुरू केलं. नव्या गावातल्या लोकांनी जुन्या गावातल्या माणसांकडे चौकशी करण्याची तसदी किती घेतली असेल, कोण जाणे. तुमच्या मंडळीत नवा पाळक येणार असेल तर त्यांचे गाजलेले उपदेश यूट्यूबवर जरूर ऐका. पण आधीच्या मंडळीतून भांडून बाहेर पडलेल्या दोन-तीन जणांचे नंबर मिळवा आणि नेमणुकीच्या पत्रावर सही होण्याआधी त्यांना फोन करा.