रक्त थांबवणारं औषध आणि घाटातलं घड्याळ

मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्ण खुला झाला. त्यावर २०१६ या एकाच वर्षी १५१ माणसं मेली. त्याच सुमारास रस्ते विकास महामंडळ, पोलीस आणि सेव्हलाइफ फाउंडेशन यांनी ‘झिरो फॅटॅलिटी कॉरिडॉर’ हाती घेतला, तेव्हा कठडे, फलक, वेगमर्यादा यांवर भरपूर बोललं गेलं आणि बळींचा आकडाही बराच खाली आला. गाडीचा पत्रा कापून बाहेर काढलेल्या माणसाच्या पोटात जे रक्त वाहत असतं, त्यावर मात्र क्वचितच कोणी बोलतं. त्या रक्तावर एक जुनं, स्वस्त इंजेक्शन आहे: ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिड. पाळीत अंगावरून जास्त जातं म्हणून आपल्याकडे बायकांना ज्या गोळ्या लिहून देतात, त्यांतलंच हे औषध.

जखम झाली की शरीर फायब्रिनच्या धाग्यांची जाळी विणून रक्ताची गुठळी बांधतं. ती विरघळवणारं प्लाझ्मिनही शरीरातच तयार होतं. मोठ्या मारानंतर हे विरघळवणं कधीकधी हाताबाहेर जातं, आणि बांधलेली गुठळी पुन्हा सुटते. ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिड ते सुटणं रोखतं. नवी गुठळी ते बनवत नाही. त्यामुळे फाटलेली धमनी त्याने बंद होणार नाही. तिथे दाब, पट्टा आणि शेवटी शस्त्रक्रियाच लागते.

हे औषध जपानच्या उताको आणि शोसुके ओकामोतो या दांपत्याचं. १९६२ मध्ये त्यांनी ते जगापुढे मांडलं. बाळंतपणात रक्त जाऊन मरणाऱ्या बायका वाचाव्यात, हा उताकोबाईंचा हेतू. त्याची चाचणी करायला त्या वेळी डॉक्टर तयार झाले नाहीत. औषध दात काढताना, पाळीच्या तक्रारीत वापरलं जात राहिलं आणि जवळजवळ अर्धं शतक असंच गेलं. २०१० मध्ये ‘क्रॅश-२’ चाचणीचे निष्कर्ष आले: ४० देश, २७४ रुग्णालयं, वीस हजारांवर जखमी, भारतातली रुग्णालयंही त्यात होती. मृत्यूचं प्रमाण १६ टक्क्यांवरून १४.५ वर आलं. दीड टक्का ऐकायला किरकोळ वाटतो. पण सुमारे ६७ जखमींमागे एक जीव, तोही इतक्या स्वस्तात, असं देणारी औषधं फार नाहीत.

खरी गोम पुढच्या वर्षीच्या विश्लेषणात निघाली. पहिल्या तासात औषध मिळालं तर रक्तस्रावाने मरण्याचा धोका सुमारे एक तृतीयांशाने घटला, एक ते तीन तासांत एक पंचमांशाने. तीन तासांनंतर दिलं तर धोका उलट वाढलेला दिसला. म्हणजे जे औषध बारा वाजता तारतं, तेच चार वाजता मारू शकतं.

हा रस्ता ज्यातून जातो त्या मावळात हे तीन तासांचं घड्याळ आणखी निर्दय आहे. द्रुतगती मार्गावरचा जखमी ओझर्डेच्या ट्रॉमा सेंटरला, सोमाटण्याला किंवा तळेगावला लवकर पोचू शकतो, वाहतूक तुंबलेली नसेल तर. पावसाळ्यातल्या रविवारी लोणावळ्याची कोंडी ज्याने पाहिली आहे, त्याला हा ‘तर’ केवढा मोठा आहे ते सांगायला नको. आंदर मावळ, नाणे मावळ, पवन मावळ या खोऱ्यांतल्या टोकाच्या वाड्यांचं तर बोलायलाच नको.

तिथे अपघातापेक्षा बाळंतपणाचा प्रश्न मोठा. उताकोबाईंच्या मूळ प्रश्नाला उत्तर मिळालं ते २०१७ मध्ये. ‘वुमन’ चाचणीत वीस हजारांवर बाळंतिणी होत्या; तीन तासांच्या आत औषध मिळालेल्यांत रक्तस्रावाने होणारे मृत्यू १.७ टक्क्यांवरून १.२ वर आले. उताकोबाई आदल्याच वर्षी वारल्या होत्या. २०१७ मध्येच जागतिक आरोग्य संघटनेने रक्तस्राव होणाऱ्या बाळंतिणीसाठी शिफारस केली: एक ग्रॅम, शिरेतून, सावकाश, दहा मिनिटांत. गर्भाशय आकसवणारं ऑक्सिटोसिन आधी हवंच. हे त्याच्या जोडीला. ऑक्सिटोसिनला फ्रिज लागतो, याला लागत नाही. वीज जाणाऱ्या खोऱ्यात ही लहान गोष्ट नव्हे.

मात्र प्रत्येक रक्तावर हेच औषध नाही. जठरात, आतड्यात रक्तस्राव झालेल्यांवरच्या ‘हॉल्ट-इट’ चाचणीत, २०२० मध्ये, फायदा दिसला नाही. शिरांत गुठळ्या होण्याचा त्रास वाढला. आणि इंद्रायणी भाताच्या खाचरात घोणस चावली, हिरड्यांतून रक्त येऊ लागलं, तर उपाय सर्पविषप्रतिबंधक लस. घोणशीचं विष गुठळीचा कच्चा मालच संपवतं. म्हणून डॉक्टर स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत थोडं रक्त वीस मिनिटं न हलवता ठेवून पाहतात. साकळलं नाही, तर लस.

माझं मत सरळ आहे: मोठ्या रुग्णालयात पोचल्यावर द्यायचं औषध म्हणून याच्याकडे पाहणं आपल्याला परवडणारं नाही. २०१४ पासून महाराष्ट्रात १०८ ची रुग्णवाहिका डॉक्टरसह धावते. पहिला डोस तिथेच, किंवा टाकवे-कान्ह्यासारख्या जवळच्या सरकारी दवाखान्यात पडावा, आणि पुढे पाठवतानाच्या चिठ्ठीवर जखमेची व डोसची वेळ ठळक लिहिलेली असावी. अशी चिठ्ठी नसेल तर पुढचा डॉक्टर अंदाजावर चालतो.

वाचकांनी इंजेक्शनच्या मागे लागू नये. ते डॉक्टरचं काम. आपण वाहत्या जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरावं, सारखं उचलून बघू नये. १०८ ला फोन करून किलोमीटरचा दगड सांगावा, आणि अपघात किती वाजता झाला ते लक्षात ठेवून डॉक्टरांना सांगावं. पोलिसांच्या फेऱ्यांची भीती बाळगू नका: २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याचं कलम १३४-अ सद्भावनेने मदत करणाऱ्याला संरक्षण देतं, आणि नाव सांगायची सक्तीही तुमच्यावर नाही.